आकुर्डीच्या हाती मॅटिगहोफेनची रेसिंग : कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या शर्यतींचं पुढे काय?

चाकण_चौक (धागाकर्ता)

मोटोजीपी, म्हणजे मोटरसायकल शर्यतींची सर्वोच्च जागतिक स्पर्धा, बघणाऱ्या सगळ्यांना नमस्कार.

केटीएमच्या बातम्या आपण सगळेच वाचतोय, पण त्यातल्या रेसिंगच्या भागावर मराठीत फारसं कुणी बोलताना दिसत नाही, म्हणून हा धागा. ऑस्ट्रियातल्या मॅटिगहोफेनची ही कंपनी नोव्हेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. गोदामांत न विकलेल्या गाड्या पडून, डोक्यावर दोनशे कोटी युरोंच्या वर देणी, डिसेंबरात कारखाना बंद. फेब्रुवारी २०२५ मध्ये धनकोंनी मान्य केलं की देण्याच्या ३० टक्के रक्कम एकरकमी द्या, बाकीचं सोडतो. ती रक्कम होती ५४.८ कोटी युरो आणि मुदत मे महिन्याची. पैसे आले ते आपल्या पुण्यातून. बजाज ऑटोने सगळं मिळून ८० कोटी युरोंची सोय केली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीचा ताबा घेतला. पिअरर मोबिलिटी हे वरच्या कंपनीचं नाव जाऊन आता बजाज मोबिलिटी झालंय. २००७ मध्ये १४.५ टक्क्यांचा हिस्सा घेऊन बजाज तिथे शिरली होती, तिथून इथवर.

मोटोजीपीत कंपन्या आहेत पाच : डुकाटी, एप्रिलिया, केटीएम, होंडा, यामाहा. त्यातल्या एकीची रेसिंग चालू ठेवायची की बंद करायची, याचा शेवटचा शब्द आता आकुर्डीचा, म्हणजे बजाजच्या मुख्यालयाचा. भारतीय कंपनीच्या हातात एवढी जबाबदारी या खेळात याआधी कधी आली नव्हती.

हे काल्पनिक संकट नाही. डिसेंबर २०२४ मध्ये धनकोंच्या संघटनेने जी माहिती बाहेर काढली, तिच्यात मोटोजीपीतून बाहेर पडण्याची योजना असल्याचं लिहिलेलं होतं. कंपनीने लगेच सांगितलं की २०२५ चा सीझन आम्ही खेळणार, आणि खेळलीही. पण धनकोंच्या जागी बसून बघा. ज्या पुरवठादाराचे शंभरातले सत्तर रुपये बुडाले, त्याने कार्बनची चासी आणि विंगा घेऊन जगभर फिरणाऱ्या टीमकडे कोणत्या नजरेने बघायचं? मला त्याचा राग पूर्ण समजतो.

तरीही माझं म्हणणं आहे की बजाजने मोटोजीपी सोडू नये. २०२७ पासून नियम बदलतायत. इंजिन १००० सीसीवरून ८५० वर येतंय, गाडी खाली बसवणारी राइड हाइटची यंत्रणा बंद होतेय, टायर मिशेलिनऐवजी पिरेलीचे. सगळ्यांनाच कोरी पाटी. २०१७ पासून ओतलेला पैसा आणि शिकलेली माणसं नेमकी अशा वेळी सोडून देणं म्हणजे पीक कापणीला आलं असताना शेत विकणं. त्यातून ऑक्टोबर २०२२ मध्ये ऑलिवेराने थायलंड जिंकल्यानंतर २०२५ संपेपर्यंत केटीएमने रविवारची एकही शर्यत जिंकलेली नाही. केटीएमचा रायडर आकोस्टा २०२५ मध्ये गुणतक्त्यात चौथा आला, तोही एकही विजय न मिळवता. मधल्या काळात गाडीची वाढ खुंटली होती हे उघड आहे.

पण "सोडू नका" एवढं म्हणून भागत नाही. पैसा कोण देणार आणि टीम कुणाच्या मालकीची असणार, हा खरा प्रश्न आहे. सुझुकीचं काय झालं ते आठवा. २०२० मध्ये त्यांचा रायडर मीर विश्वविजेता. २०२६ अखेरपर्यंतचा करार झालेला. मे २०२२ मध्ये कंपनीने सांगितलं, आम्ही चाललो. कारण दिलं आर्थिक परिस्थितीचं आणि नव्या तंत्रज्ञानाकडे पैसा वळवायचं. निरोपाच्या त्या सीझनमध्ये त्यांच्याच रिन्सने फिलिप आयलंड जिंकलं आणि वालेन्सियाची शेवटची शर्यतही जिंकली. म्हणजे गाडी उत्तम, रायडर उत्तम, करार हातात, तरी टीम उरली नाही. पुढच्या वर्षी ग्रिडवर २४ ऐवजी २२ गाड्या उभ्या राहिल्या.

तुमची मतं हवीत. विशेषतः ज्यांना धंद्याचा हिशेब कळतो त्यांची.

उलटा_गिअर

धागा चांगला आहे, पण मी बजाजचा जुना भागधारक म्हणून बोलतो. पल्सर, रिक्षा आणि आफ्रिकेतल्या बॉक्सरच्या जोरावर कमावलेला पैसा आहे हा. तो मॅटिगहोफेनचा कारखाना वाचवायला गेला, ठीक, तिथे ब्रँड आहे, डीलर आहेत, चाकणचं उत्पादन त्याच्याशी जोडलेलं आहे. मोटोजीपीच्या गाडीतला एकही सुटा भाग चाकणला बनणाऱ्या ड्यूकमध्ये येत नाही. मग वर्षाला कोट्यवधी युरो कशासाठी? आधी कर्ज फेडा, कारखाना नफ्यात आणा, मग रेसिंग करा. होंडासुद्धा अडचणीच्या वेळी बाहेर पडते आणि परत येते. त्यात लाज कसली?

प्राजक्ता_३९०

@उलटा_गिअर, सुटा भाग येत नाही हे खरं. पण मी पहिली नोकरी लागल्यावर ३९० का घेतली ते सांगते. त्याच पैशात दुसऱ्या कंपनीची जास्त आरामशीर, जास्त मायलेजची गाडी येत होती. घरच्यांचाही तोच आग्रह होता. मी केटीएम घेतली कारण ती कंपनी शर्यतीत उतरते आणि तिची छोटी गाडीसुद्धा तशीच वागते, असं मला वाटत होतं आणि अजून वाटतं. जानेवारी २०१२ मध्ये ड्यूक २०० आली तेव्हा पुण्यातल्या कॉलेजांच्या पार्किंगमध्ये काय झालं ते बघितलेलं कुणीही सांगेल. केटीएमच्या केशरी रंगाला भाव का आला? जाहिरातीने नुसता नाही आला.

बजाजने केटीएम घेताना जे विकत घेतलं त्याचा मोठा भाग हा आहे. तोच काढून टाकला तर उरतात काय, कारखान्याच्या भिंती.

मातीतला_टायर

ताई, मनापासून +१, पण थोडी फोड करतो. "केटीएमची रेसिंग" ही एक गोष्ट नाही.

वाळवंटातली डकार रॅली घ्या. २००१ ते २०१९ केटीएमने सलग १८ डकार जिंकल्या (२००८ ची रद्द झाली होती). आणि जानेवारी २०२५ मध्ये, मॅटिगहोफेनचं उत्पादन ठप्प असताना, डॅनियल सँडर्सने केटीएमवर डकार जिंकली. कारखान्यात पट्टा थांबलेला आणि सौदीच्या वाळूत गाडी पहिली. त्या बातमीने मला फार धीर दिला होता.

माती, एंड्युरो, मोटोक्रॉस इथे कंपनी ज्या गाडीवर शर्यत खेळते तिची सख्खी बहीण दुकानात मिळते. हौशी माणूस ती विकत घेतो, रविवारी शेतात, डोंगरात पळवतो, पार्ट बदलतो, दोन वर्षांनी नवी घेतो. त्यामुळे तिथे रेसिंगचा खर्च हा थेट मालाच्या विक्रीशी बांधलेला आहे. कुठलाही हिशेबनीस तो सहज तोडणार नाही. मोटोजीपीची आरसी१६ मात्र कुणाला रस्त्यावर चालवायला मिळत नाही. २०२३ मध्ये जपानच्या मोटेगीला त्यांनी स्टीलच्या जाळीची चासी सोडून कार्बनची आणली. अभियांत्रिकी म्हणून जबरदस्त काम, पण केटीएमची ओळखच मुळी स्टीलच्या जाळीची. तिथे दुकानाशी असलेला धागा आणखी बारीक झाला.

म्हणून माझ्या मते डकार आणि मोटोक्रॉस टिकेल. काळजी फक्त मोटोजीपीची.

निकार_नदीकाठ

मी श्टुटगार्टच्या परिसरात राहतो, वाहन उद्योगातच काम करतो. इथे हा विषय २०२५ च्या शरद ऋतूपासून रोजच्या जेवणाच्या टेबलावर आहे, कारण पोर्शने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं की चारचाकींच्या जागतिक एन्ड्युरन्स (तासन्तास चालणाऱ्या शर्यतींच्या) मालिकेतली हायपरकार या वरच्या वर्गातली फॅक्टरी मोहीम त्या सीझनबरोबर संपते. अमेरिकेतली इम्सा मालिका आणि इलेक्ट्रिक गाड्यांची फॉर्म्युला ई चालू राहणार.

त्याच जूनमध्ये ले माँला पोर्शची ६ नंबरची गाडी २४ तास पळून पहिल्या फेरारीपेक्षा फक्त १४ सेकंदांनी मागे राहिली होती. २०२४ ला ड्रायव्हरांचं जागतिक विजेतेपद त्यांचंच. म्हणजे इथेही सुझुकीसारखंच, हरत होते म्हणून गेले नाहीत. चीनमधली विक्री घसरली, इलेक्ट्रिक गाड्यांचं नियोजन उलटं फिरवावं लागलं, नफा आटला. अशा वेळी कामगार संघटनेसमोर बसून नोकऱ्या कमी करायची भाषा करणारा संचालक त्याच दिवशी दोन-दोन जागतिक मालिकांचं बजेट मंजूर करू शकत नाही. मी इथल्या कामगारांच्या बाजूने विचार करतो तेव्हा तो निर्णय मला चुकीचा म्हणवत नाही. शर्यतीचा चाहता म्हणून जीव तुटतो, ते वेगळं.

एका गोष्टीवर मात्र फार कमी बोललं जातं. २०१६ अखेर फोक्सवॅगन गटाच्या डिझेल प्रदूषण प्रकरणानंतर आउडी गेली, २०१७ अखेर पोर्श गेली, आणि वरच्या वर्गात मोठी कंपनी म्हणून टोयोटा एकटी उरली. तेव्हा आयोजकांनी शहाणपण केलं, नियम स्वस्त केले. नव्या नियमांच्या एलएमडीएच प्रकारच्या गाडीत चासी चार ठरलेल्या कारखान्यांपैकी एकाची घ्यायची, हायब्रिडचे भाग सगळ्यांना सारखे. त्यामुळे कंपन्यांची रांग लागली. पण ज्या दारातून आत येणं स्वस्त झालं, त्याच दारातून बाहेर जाणंही स्वस्त झालं. स्वतःची बॅटरी, स्वतःची चासी बनवायला शेकडो माणसं ठेवलेली कंपनी जाताना दहा वेळा विचार करते. तयार भाग घेऊन आलेली कंपनी एका पत्रकात निघून जाते. लॅम्बोर्गिनीने एक वर्ष खेळून तिथली गाडी थांबवली. २०२७ चे मोटोजीपी नियमही खर्च आवरण्याच्या दिशेने आहेत, तेव्हा हे लक्षात ठेवा.

आणि @मातीतला_टायर यांचा मुद्दा चारचाकीतही तसाच. पोर्शची जीटी३ आर ही गिऱ्हाइकाला विकायची रेसिंग गाडी आहे. ती बंद करायचं इथे कुणी स्वप्नातही बोलत नाही.

चाकण_चौक

@निकार_नदीकाठ, दाराचा मुद्दा डोक्यात बसला. धन्यवाद.

@उलटा_गिअर, होंडा जाते आणि येते म्हणालात. होंडाच्या आणि सुझुकीच्या बाहेर पडण्यात फरक आहे आणि माझा सगळा युक्तिवाद तिथेच आहे. डिसेंबर २००८ मध्ये होंडाने फॉर्म्युला वन सोडलं. टीमचा प्रमुख रॉस ब्रॉनने ती टीम एका पौंडाला घेतली, २००९ मध्ये तिने दोन्ही विजेतेपदं जिंकली आणि नंतर ती मर्सिडीज झाली. बीएमडब्ल्यू २००९ ला गेली, टीम पुन्हा पीटर सॉबरकडे आली आणि आज तीच आउडीची आहे. रेनॉने २०२५ नंतर फ्रान्समधल्या व्हिरी-शातियों कारखान्याचं इंजिन बंद केलं, तरी त्यांची अल्पीन टीम मर्सिडीजचं इंजिन लावून उभी आहे. इंजिनवाल्या माणसांचं मोठं नुकसान झालं, ते मी लहान करत नाही. पण टीम वाचली.

फॉर्म्युला वनमध्ये टीम हे वेगळं घर असतं. कंपनी भाडेकरूसारखी येते-जाते. मोटोजीपीत फॅक्टरी टीम म्हणजे कंपनीचाच एक विभाग. सुझुकीने बटण दाबलं आणि सगळं हमामात्सूत परत गेलं, कारण विकायला वेगळं असं काही नव्हतंच. म्हणून बजाजने "चालू ठेवा" किंवा "बंद करा" यातलं एक निवडण्याऐवजी मॅटिगहोफेनजवळच्या मुंडरफिंगचा केटीएमचा रेसिंग विभाग स्वतंत्र कंपनी म्हणून उभा करावा, बाहेरचा भागीदार घ्यावा, रेड बुलसारखा प्रायोजक लांब मुदतीसाठी बांधावा आणि स्वतःचा खर्च ठरावीक आकड्यावर थांबवावा. उद्या बजाजला जावंच लागलं तर टीम तरी मागे राहील.

ग्रिड_बाराव्वा

मोटोजीपीत केटीएमच्या गाड्या चालवणाऱ्या टेक३ या स्वतंत्र टीमच्या बाबतीत तेच झालंय ना? सप्टेंबर २०२५ मध्ये फॉर्म्युला वनमधल्या हास टीमचा माजी प्रमुख गुंथर स्टायनरच्या गटाने मूळ मालक पाँशारालकडून टीम घेतली. ती टीम २०१८ पर्यंत यामाहाच्या गाड्या चालवायची, २०१९ पासून केटीएमच्या. गाडी बदलली, टीम तीच.

वाई_ते_पाचगणी

मी इथे वयाने मोठा असेन, म्हणून थोडं आपल्याकडचं आठवून देतो. परक्या कंपन्यांचं बोलताना आपण महिंद्राला विसरतोय.

मुंबईच्या महिंद्राने २०११ मध्ये इटलीतली एक अभियांत्रिकी कंपनी हाताशी धरून १२५ सीसीत गाडी उतरवली, मग मोटो३ (जागतिक स्पर्धेतला सर्वात छोटा वर्ग). सुरुवातीची वर्षं फार कठीण गेली. जून २०१६ मध्ये आसेनला महिंद्रा पहिली आली. भारतीय कंपनीच्या गाडीने ग्रां प्री जिंकण्याची ती पहिली वेळ. रायडर कोण? फ्रान्सेस्को बान्याया. तोच पुढे २०२२ आणि २०२३ चा मोटोजीपी विश्वविजेता. २०१६ मध्येच त्याने महिंद्रावर सेपांगही जिंकलं. आणि २०१७ अखेर महिंद्राने मोटो३ बंद केलं.

मला त्या दिवशी जे वाटलं ते अजून गेलेलं नाही. आसेनच्या निकालानंतर आपल्या वर्तमानपत्रांत किती जागा मिळाली त्याला? क्रिकेटच्या पानाखाली चार ओळी. कंपनीने पैसा घालायचा, गाडी जिंकायची आणि देशात कुणाला पत्ताच नाही, तर संचालक मंडळाने काय सांगून तो खर्च टिकवायचा? कंपनी सोडून गेली म्हणून दोष देताना प्रेक्षक म्हणून आपण किती पाठीशी होतो तेही बघावं. सप्टेंबर २०२३ मध्ये बुद्ध सर्किटवर मोटोजीपी आली, बेझेक्की जिंकला, आणि २०२४ ला रद्द. फेब्रुवारी २०२३ ला हैदराबादला फॉर्म्युला ई झाली, पुढच्या वर्षी राज्यातलं सरकार बदलल्यावर तीही गेली. घरच्या मैदानावर शर्यत नसेल तर भारतीय मालकाला परदेशातल्या टीमवर खर्च करणं आणखी जड जातं.

महिंद्राचं कौतुक यासाठी की फॉर्म्युला ई त्यांनी २०१४ पासून सोडलेलं नाही. आउडी आणि बीएमडब्ल्यू २०२१ ला गेल्या, मर्सिडीज जिंकून २०२२ ला गेली, महिंद्रा थांबली आणि पुढच्या पिढीच्या गाडीसाठीही सही केली. चिकाटी आपल्याकडे नाही असं नाही.

प्राजक्ता_३९०

काका, हे लिहिलंत फार बरं केलंत. बान्याया महिंद्रावर जिंकला होता हे माझ्या वयाच्या कितीतरी लोकांना माहीतच नाही.

बारामती_एमआयडीसी

एप्रिलियाचा उल्लेख कुणी केला नाही म्हणून लिहितो. तिची मालक कंपनी पियाजिओ, तिचा कारखाना आमच्या बारामतीत, एप्रिलिया आरएस ४५७ तिथेच बनते. म्हणजे मोटोजीपीतल्या पाचांपैकी दोन कंपन्यांच्या छोट्या गाड्या पुणे जिल्ह्यातून निघतात. डुकाटी-होंडाच्या मानाने एप्रिलिया लहान कंपनी, तरी २०२५ मध्ये बेझेक्की गुणतक्त्यात तिसरा. त्याने सिल्व्हरस्टोन, पोर्तिमाओ, वालेन्सिया जिंकलं, राउल फर्नांडिसने फिलिप आयलंड. पैसा कमी असून हे होतं. तेव्हा मोठं बजेट नाही म्हणून बंद करा, हे मला पटत नाही. आधी गाडीचा खर्च कुठे होतोय ते बघा.

उलटा_गिअर

सगळं वाचलं. @चाकण_चौक, वेगळी कंपनी आणि ठरावीक आकडा, एवढ्यावर मी तुमच्याबरोबर यायला तयार आहे. खर्चाची मर्यादा आधी लिहून ठेवली तर भागधारक म्हणून माझी तक्रार उरत नाही. माझा विरोध तळ नसलेल्या हंड्याला होता.

पण दुसरा पर्यायही बघा. ट्रायम्फच्या ४०० सीसी गाड्या बजाजच चाकणला बनवते. ट्रायम्फची मोटोजीपीत टीम नाही. २०१९ पासून ती मोटो२ च्या (मोटोजीपीच्या खालचा वर्ग) सगळ्या गाड्यांना ७६५ सीसीचं इंजिन देते, करार २०२९ पर्यंतचा. दर रविवारी नाव झळकतं आणि कुठल्याही शर्यतीत ती हरत नाही, कारण सगळ्यांचं इंजिन तिचंच. केटीएमने असं काही केलं तर?

मातीतला_टायर

केटीएमला तो रस्ता आता बंद झालाय. मोटो३ मध्ये आज केटीएम आणि होंडाची इंजिनं आहेत. २०२८ पासून तिथे एकट्या यामाहाचं इंजिन येणार. हे माझ्या दृष्टीने मोटोजीपीतल्या अनिश्चिततेइतकंच वाईट आहे, कारण केटीएमची खरी कमाई ही शिडी होती. रेड बुल रुकीज कपमध्ये पंधरा-सोळा वर्षांची पोरं केटीएमवर घडतात, मग मोटो३, मग वर. आकोस्टा २०२० चा रुकीज विजेता, २०२१ चा मोटो३ विश्वविजेता, दोन्ही केटीएमवर. शिडीची मधली पायरी निघाली की वरची टीम टिकवायचं कारणही हलकं होतं.

चाकण_चौक

हो, आणि म्हणून खालची पायरी इथे बांधायला हवी. २०२३ मध्ये केटीएमने भारतात आरसी कप घेतला होता. चाकणला बनणारी आरसी ३९०, भारतीय पोरं, भारतीय ट्रॅक. ही गाडी स्वस्त आहे, पार्ट इथे मिळतात, मेकॅनिक इथे आहेत. बजाजला रेसिंगवर किती पैसा खर्चायचा हे ठरवायचं असेल तर पहिला रुपया या कपवर दरवर्षी न चुकता खर्च व्हावा, असं मी म्हणेन. त्यातून एखादा मुलगा किंवा मुलगी मुंडरफिंगपर्यंत पोचली तर भागधारकांच्या सभेत मोटोजीपीचा खर्च समजावून सांगायला वेगळी स्लाइड लागणार नाही, आणि काका म्हणतात त्या चार ओळींचं पानही मोठं होईल.

@उलटा_गिअर, तुम्ही भागधारक आहात. पुढच्या वार्षिक सभेत प्रश्न विचारायचा अधिकार तुम्हाला आहे. दोनच प्रश्न विचाराल का : रेसिंग विभाग वेगळा करायचा विचार आहे का, आणि आरसी कप पुन्हा कधी?

उलटा_गिअर

विचारतो. सभेची नोटीस आली की इथेच प्रश्नांचा मसुदा टाकतो, सगळ्यांनी बघून दुरुस्त करा. @निकार_नदीकाठ, वेगळी रेसिंग कंपनी काढली तर ऑस्ट्रियात कामगारांच्या हक्कांचं काय होतं, ते तुम्हाला तिथल्या लोकांकडून समजलं तर नक्की लिहा. तो मुद्दा मला प्रश्नात घालायचा आहे.